आमची वाटचाल : दुरुस्तीच्या टेबलावरून दिसलेले मासे

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराच्या रस्त्यावर वडिलांनी दुकान सुरू केले, तेव्हा त्यात जाळ्याचे सूत, तंगूस, गऱ्या, शिसे आणि बोये यांपलीकडे काही नव्हते. गिऱ्हाईक म्हणजे होड्यांचे तांडेल आणि संध्याकाळी खडपावर बसून गरवणारी आसपासची माणसे. त्यांपैकी कोणीही, कोणता मासा सर्वांत जास्त झुंजतो, असे कधी विचारले नाही. झुंजणारा मासा जाळे फाडतो किंवा गरी घेऊन जातो, म्हणजे तो तोटाच, असा त्या काळचा साधा हिशेब होता. आज आमच्याकडे येणाऱ्या दहांतील सात जणांचा पहिला प्रश्न मात्र हाच असतो, आणि मागील पंधरा-एक वर्षांत आमचा व्यवसाय जसा बदलत गेला, तो बहुतांशी या एका प्रश्नाच्या मागे मागे गेला, असे म्हणायला हरकत नाही.

सुरुवात एका बिघडलेल्या रिळापासून झाली. पुण्याचे दोन तरुण अंदमानहून परतल्यावर गणपतीपुळ्याला आले होते. जाता जाता दुकानात शिरून त्यांनी एक मोठे स्पिनिंग रीळ काउंटरवर ठेवले आणि हे कोणी उघडून देईल का, असे विचारले. मी आयटीआयमधून फिटरचा कोर्स केलेला असल्यामुळे पाने हाताशी होते आणि उत्सुकताही होती. रीळ उघडल्यावर आतल्या ड्रॅगच्या, म्हणजे ब्रेकच्या, चकत्या जळल्याचा वास आला. फेल्टच्या त्या चकत्या काळ्या पडून काचेसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या आणि मधल्या धातूच्या चकतीवर निळसर झाक आली होती. मासा कोणता, असे विचारल्यावर "जायंट ट्रेव्हली, पण हाती लागली नाही, खडकात गेली" असे उत्तर मिळाले. किती वेळ झुंज चालली होती, या प्रश्नावर दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि "अर्धा मिनिट असेल" असे सांगितले. अर्ध्या मिनिटात एवढी उष्णता निर्माण करणारा मासा कसा असेल, हा विचार त्या रात्री माझ्या डोक्यातून गेला नाही.

ते रीळ आम्ही कार्बनच्या चकत्या मागवून, ग्रीस भरून परत पाठवले. त्या दोघांच्या ओळखीने पुढच्या तीन महिन्यांत सहा रिळे कुरियरने आली. बाबांना हा उद्योग आधी पसंत नव्हता. "हौशी माणसांच्या खेळण्यांवर दुकान चालत नाही," असे ते म्हणत. तरीही माडीवरची खोली दुरुस्तीसाठी त्यांनीच रिकामी करून दिली आणि एक जाड हिशेबाची वही आणून तिच्यात स्वतःच्या हाताने रकाने आखले : तारीख, रिळाचा आकार, बिघाड, दुरुस्तीचा खर्च. पाचवा रकाना मी वाढवला, तो "मासा" हा. पुढे आमच्या सगळ्या खरेदी-विक्रीला दिशा या रकान्यानेच दिली.

ज्यांनी रीळ आतून पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. ड्रॅग म्हणजे एकावर एक रचलेल्या चकत्यांचा ब्रेक असतो. माशाने ठरावीक ताणापेक्षा जास्त ओढले की त्या चकत्या घसरतात आणि दोरी सुटत जाते, त्यामुळे ती तुटत नाही. हा ताण काटा लावून मोजायचा असतो आणि तो दोरीच्या तुटण्याच्या भाराच्या तिसऱ्या किंवा चौथ्या हिश्श्याएवढा ठेवायचा असतो. मात्र हा ताण शेवटपर्यंत एकसारखा राहत नाही, ही गोष्ट पुष्कळ जणांच्या लक्षात येत नाही. स्पूलवरची दोरी कमी होऊन गुंडाळीचा व्यास निम्मा झाला, तर स्क्रूला हातही न लावता दोरीवरचा ताण दुप्पट होतो, आणि पाण्यात पसरलेल्या शे-दीडशे मीटर दोरीचे ओझे त्यात वेगळे मिळते. "दोरी खराब दिलीत" अशी तक्रार घेऊन आलेल्यांपैकी निम्म्यांचे तरी गाऱ्हाणे इथेच मिटते.

ताण म्हणजे काय, हे शब्दांत पटत नाही म्हणून आम्ही माडीच्या गॅलरीखाली दहा लिटरची बादली ठेवली आहे. ती पाण्याने भरून तिच्या कडीला दोरी बांधायची आणि गिऱ्हाइकाने वरून साडेसात फुटी रॉड धरून ती जमिनीपासून वीतभर उचलून धरायची. दहा किलोचे ओझे हाताने कोणीही उचलतो. पण रॉडचे टोक दोन मीटर पुढे आणि मूठ मागे असल्यामुळे तरफेचा सगळा फायदा बादलीला मिळतो, आणि व्यायामशाळेत जाणारी मुलेसुद्धा मिनिटभरात घामाघूम होऊन रॉड खाली ठेवतात. त्यानंतर आम्ही एवढेच सांगतो की मोठ्या जायंट ट्रेव्हलीसाठी ड्रॅग साधारण एवढ्याच ताणावर किंवा त्याहून जास्त ठेवतात, आणि ही बादली पोहत नाही.

जायंट ट्रेव्हलीचा, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या जीटीचा, वहीतील क्रमांक बिघाडांच्या तीव्रतेच्या बाबतीत निर्विवाद पहिला आहे. तिचे अंग उंच आणि चपटे असते, शेपटीचा देठ बारीक पण कठीण खवल्यांनी चिलखतासारखा मढवलेला असतो, आणि शेपटी कोयत्यासारखी टोकदार असते. असे अंग तिने पाण्यात आडवे केले की ओढणाऱ्याला दार ओढल्यासारखे वाटते. शिवाय तिचे वसतिस्थान प्रवाळाच्या किंवा खडकाच्या काठावर असते, त्यामुळे पॉपरवर, म्हणजे पाण्यावर आवाज करणाऱ्या खोट्या आमिषावर, झडप घालताच ती सरळ काठाखाली जाते आणि ताणलेली वेणीची दोरी प्रवाळाला नुसती घासली तरी दोऱ्यासारखी कापली जाते. तिला दोरी देण्याची चैन परवडत नाही, म्हणून ड्रॅग घट्ट करावा लागतो, आणि मग हुक सरळ होणे, स्प्लिट रिंग (आमिषाला हुक जोडणारी कडी) उघडणे, रॉडची कडी निखळणे हे सगळे एका दमात घडते. या माशाचा जागतिक विक्रम 72.8 किलोचा असून तो 2006 मध्ये जपानच्या कागोशिमा प्रांतात झाला. आपल्या खाड्यांमध्ये या कुळातील किलो-दीड किलोची पिल्ले लागतात, आणि ती हाती लागल्यावर मासा याहून तिप्पट मोठा असणार अशी पैज हरलेले लोक मी पाहिले आहेत.

याच माशाने आम्हाला एकदा मोठा फटकाही दिला. एका पुरवठादाराकडून आम्ही स्वस्तात स्प्लिट रिंग आणि तिहेरी हुक यांचा मोठा माल उचलला होता. पाकिटावर छापलेल्या भारावर विश्वास ठेवून मी तो काट्यावर तपासला नाही, ही चूक सर्वस्वी माझीच. अंदमानला निघालेल्या चौघांनी तो नेला आणि दोन दिवसांत चौघांच्याही रिंगा उघडल्या. परत आल्यावर त्यांनी त्या रिंगा न बोलता काउंटरवर ओळीने मांडल्या. आम्ही मालाचे पैसे परत केले, उरलेला माल भंगारात घातला, आणि तेव्हापासून प्रत्येक खोक्यातील दोन नग काट्यावर तुटेपर्यंत ओढून पाहिल्याशिवाय माल फळीवर लावत नाही. त्या चौघांपैकी तिघे आजही आमच्याकडूनच सामान नेतात.

मात्र जीटी हे त्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे, असे मला वाटत नाही. ती ज्या सामानाने पकडतात ते सामानच राक्षसी असते आणि तिला खडकाची मदत असते. वजनाला वजन लावून, मोकळ्या पाण्यात, मासा एकटा स्वतःच्या बळावर काय करतो, असे विचाराल, तर आमच्या वहीचे उत्तर गेदर हे आहे. हे सांगितल्यावर मुंबई-पुण्याच्या माणसांचा चेहरा उतरतो. बाजारात सुरमईच्या शेजारी कोणी ढुंकून न पाहणारा, लालभडक मांसाचा, स्वस्तातला गेदर! पण ते लाल मांसच त्याची ताकद आहे. गेदर हा ट्यूनाच्या घराण्यातला आहे. या घराण्यातील मासे स्नायूंत तयार झालेली उष्णता रक्तवाहिन्यांच्या विशिष्ट रचनेमुळे बाहेर जाऊ देत नाहीत, त्यामुळे त्यांचे स्नायू भोवतालच्या पाण्यापेक्षा गरम राहतात आणि दमायला तयार नसतात. पोहणे थांबले तर कल्ल्यांतून पुरेसे पाणी जात नाही, म्हणून तो जन्मभर थांबतच नाही. पाठीचा पर खाचेत मिटवून घेता येत असल्याने त्याच्या अंगावर पाण्याला अडायला काही उरत नाही, आणि पोटात हवेची पिशवी नसल्यामुळे वरून खाली सरळ सूर मारायला त्याला कशाचीच आडकाठी नसते.

तीन-चार किलोचा गेदर हलक्या सामानाला लागला की पहिल्या धावेत रिळाचा आवाज एका सुरात चढत जातो. ती धाव संपल्यावर नवख्या माणसाला वाटते की झाले. मग तो होडीच्या बरोबर खाली जाऊन गोल फिरू लागतो. प्रत्येक फेरीत दोन मीटर दोरी मिळते आणि दीड मीटर परत जाते. होडी पाहिली की पुन्हा खाली. अगदी होडीत घेतल्यावरही त्याची शेपटी फळ्यांवर ढोल वाजवल्यासारखी इतक्या वेगाने थरथरते की ती नीट दिसत नाही. आमच्या वहीत छोट्या आणि मध्यम आकाराच्या रिळांचे जितके बिघाड आहेत, त्यांपैकी सर्वांत जास्त नोंदींपुढे गेदर लिहिलेले आहे, आणि ती रिळे आणणाऱ्यांपैकी बहुतेकांना पकडायची होती सुरमई.

सुरमईबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. तिची पहिली धाव गेदराहून वेगवान असते, दात असे की पोलादी तार लावली नाही तर दोरी कापून जाते, पण त्या एक-दोन धावांनंतर ती बरीचशी नमते. बॅराकुडाचेही तसेच. तांबोशीची सगळी झुंज पहिल्या दोन सेकंदांत असते, कारण ती कांदळाच्या मुळाशी किंवा दगडाच्या कपारीत दबा धरून बसते आणि आमिष घेऊन तिथेच परत वळते. त्या दोन सेकंदांत रॉड खाली गेला, तर मासाही गेला आणि गरीही गेली. जिताडा उड्या मारून डोके झाडतो आणि कल्ल्याच्या धारदार कडेने दोरी कापतो. मोडुसा शांतपणे होडीजवळ येतो आणि होडीत घेतल्यावर सामानाची पेटी उलटी करतो. वागळीची गणना मी झुंजणाऱ्यांत करत नाही. ती तळाला चिकटून बसते, आणि ओढणाऱ्याला समुद्राचा तळच उचलत असल्यासारखे वाटते. तरीही "माझ्या गरीला काहीतरी प्रचंड लागले होते" या कथांमध्ये तिचा वाटा फार मोठा असावा.

गोड्या पाण्याचा एकच मासा वहीत पानेच्या पाने व्यापून आहे, तो महाशीर. पुण्याच्या गिऱ्हाइकांना त्याचा अभिमान असणे साहजिक आहे, कारण दख्खनी महाशीराचे शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये केले ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून, आणि लोणावळ्याजवळ वळवण येथील टाटांच्या केंद्रात तयार झालेली त्याची बोटुकली पुढे अनेक राज्यांत गेली. कावेरीच्या खोऱ्यातला कुबडाचा महाशीर याहून मोठा होतो. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी 1946 मध्ये काबिनी नदीत पकडलेला 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोचा महाशीर आजही ऐकणाऱ्याला थक्क करतो. महाशीराचे दात घशात असतात आणि त्यांनी तो हुक असा चेपतो की पक्कडीने दाबल्यासारखा दिसतो. असे चेपलेले दोन हुक आमच्या भिंतीवर आहेत. मात्र त्याच्या ओढीत नदीच्या प्रवाहाचा वाटा किती आणि माशाचा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे, म्हणून त्याला मी गेदराच्या वर बसवत नाही. कुबडाचा महाशीर आता नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे. त्याच्यासाठी सामान मागणाऱ्याला आम्ही नम्रपणे नकार देतो, आणि महाडजवळच्या वाळणकोंडीतील देवाच्या माशांचा तर विषयच काढत नाही.

या सगळ्याचा व्यवसायावर जो परिणाम झाला तो असा. पाच वर्षांपूर्वीपर्यंत आमची निम्मी गुंतवणूक महागड्या, मोठ्या रिळांत अडकलेली असे, कारण माणसे स्वप्न जीटीचे पाहत. वहीचे आकडे मांडल्यावर आम्ही तो माल कमी केला आणि गेदर, तांबोशी, खाडीतली ट्रेव्हली यांना पुरेल असे मध्यम सामान वाढवले, तेही कार्बनच्या चकत्या आधीच घालून. दोन तांडेलांशी बोलणी करून त्यांच्या होडीवरून सकाळच्या फेऱ्या सुरू केल्या. पक्ष्यांचा थवा पाण्यावर कोसळताना दिसला की तिकडे होडी घ्यायची, एवढीच त्या फेरीची योजना असते. मालवणकडे फेरी नेताना सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचे सागरी अभयारण्य 1987 पासून राखीव असल्यामुळे तो भाग आम्ही दूरच ठेवतो.

एका बाबतीत गिऱ्हाइकांशी आमचे मतभेद होतात. झुंज लांबावी म्हणून मुद्दाम अतिशय बारीक दोरी मागणारे काही जण असतात. अर्धा-पाऊण तास झगडलेल्या माशाच्या स्नायूंत इतके आम्ल साचते की सोडून दिल्यावर तो पोहत गेलेला दिसला तरी जगेल याची खात्री नसते. ज्याला मासा सोडायचा आहे त्याला आम्ही जाड दोरीच देतो. काही गिऱ्हाइके यामुळे दुसऱ्या दुकानात गेली.

1 जून ते 31 जुलै या बंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर असतात आणि माडीवरचे टेबल भरलेले असते. बाबा आता दुकानात बसत नाहीत, पण पावसाळ्यात एकदा तरी माडीवर येऊन वही चाळतात. या वर्षी त्यांनी "मासा" हा रकाना बोटाने वरपासून खालपर्यंत मोजला. चौतीस रिळांपैकी तेरा गेदर, सहा जीटी, पाच सुरमई, आणि उरलेल्यांत एक नोंद अशी की जिच्यापुढे गिऱ्हाइकाने प्रामाणिकपणे "बादली" लिहिले होते.