हाकोबो आर्बेन्झ यांचा ग्वाटेमाला: राजवाडा, बंदर आणि मधला ३०० किलोमीटरचा रस्ता

आर्बेन्झ यांच्या खुणा शोधत ग्वाटेमालाला जाणारे बहुतेक जण राजधानीतला राजवाडा आणि कबर पाहून माया संस्कृतीच्या अवशेषांच्या वाटेला लागतात. तसं करू नका. या माणसाची राष्ट्राध्यक्षपदाची तीन-सव्वातीन वर्षं समजून घ्यायची असतील, तर राजधानीहून कॅरिबियन किनाऱ्याकडे जाणारा महामार्ग, म्हणजे सीए-९, पुरा करायलाच हवा. भांडण जमिनीचं होतं तसंच रेल्वे, बंदर आणि विजेचंही होतं, आणि ते सगळं या रस्त्याच्या दोन्ही अंगांना पसरलेलं आहे.

आधी थोडी उजळणी. आर्बेन्झ यांचा जन्म १४ सप्टेंबर १९१३ चा, केत्साल्तेनांगोचा. वडील स्वित्झर्लंडहून आलेले औषधविक्रेते. त्यांना मॉर्फिनचं व्यसन जडलं, धंदा बुडाला आणि मुलाला शिकायला लष्करी अकादमीखेरीज मार्ग उरला नाही. २० ऑक्टोबर १९४४ च्या हुकूमशाहीविरोधी उठावात ते पुढे होते, मग हुआन होसे आरेवालो यांच्या सरकारात संरक्षणमंत्री झाले. १९५० ची निवडणूक साठ टक्क्यांहून अधिक मतांनी जिंकून १५ मार्च १९५१ ला राष्ट्राध्यक्ष झाले. १७ जून १९५२ ला डिक्री ९००, म्हणजे जमीनवाटपाचा कायदा, आला. २७० हेक्टरांवरच्या इस्टेटींमधली पडीक जमीन सरकारजमा करायची, ९० हेक्टरांखालच्या शेताला हात लावायचा नाही, ९० ते २७० च्या मधल्यांचं दोन तृतीयांश क्षेत्र लागवडीखाली असलं तर त्यांनाही सूट. मोबदला तीन टक्के व्याजाच्या रोख्यांत, पंचवीस वर्षांच्या मुदतीनं. दोन वर्षांत सुमारे एक लाख कुटुंबांना जमीन मिळाली. आर्बेन्झ यांची स्वतःचीही जमीन त्यात गेली.

केळीचा व्यापार करणाऱ्या अमेरिकेच्या युनायटेड फ्रूट कंपनीशी ठिणगी पडली ती मोबदल्याच्या आकड्यावरून. कर वाचवायला कंपनीनं जमिनीची किंमत वर्षानुवर्षं कमी दाखवली होती. सरकारनं त्याच किमतीनं सुमारे ६ लाख २७ हजार डॉलर देऊ केले. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं कंपनीच्या वतीनं मागितले १ कोटी ५८ लाख. हे दोन आकडे डोक्यात ठेवून प्रवासाला निघा.

राजधानीला दीड दिवस पुरतो. मध्यवर्ती चौकातला हिरवट राजवाडा हुकूमशहा होर्हे उबिको यांनी बांधला, १९४३ मध्ये तो खुला झाला आणि पुढच्याच वर्षी उबिको यांची सत्ता गेली. आता आत संग्रहालय आहे, पण वाटाड्याबरोबरच सोडतात. सकाळी पहिल्या फेरीला जा आणि पासपोर्ट जवळ ठेवा. सरकारी समारंभ असला की राजवाडा न सांगता बंद असतो, म्हणून मुक्कामाच्या शेवटच्या दिवसावर तो ढकलू नका. स्वागतकक्षात प्रचंड झुंबराच्या बरोबर खाली जमिनीत देशातल्या रस्त्यांचा शून्य किलोमीटर आहे. पुढे महामार्गावर दिसणारा प्रत्येक दगड याच जागेपासून मोजलेला, तेव्हा इथे दोन मिनिटं थांबाच. २० ऑक्टोबर २०११ ला राष्ट्राध्यक्ष आल्वारो कोलोम यांनी याच वास्तूत आर्बेन्झ यांच्या मुलासमोर १९५४ च्या सत्तापालटाबद्दल सरकारतर्फे माफी मागितली.

शेजारच्या कॅथेड्रलसमोरचे दगडी खांब जवळ जाऊन वाचा. १९६० ते १९९६ च्या यादवीत मारल्या गेलेल्या आणि बेपत्ता झालेल्या माणसांची नावं त्यांवर कोरली आहेत, बारीक अक्षरांत, ओळीखाली ओळ. १९५४ मध्ये जे मोडलं त्याची किंमत कोणी मोजली ते इथे कळतं. तिथून सान होसे टेकडीवरच्या राष्ट्रीय नाट्यगृहाकडे चालत जाता येतं. त्या जागी किल्ला होता आणि १९४४ च्या उठावात दारूगोळ्याच्या कोठारावर तोफगोळा पडून तो उद्ध्वस्त झाला. रेल्वे संग्रहालय झोन १ मध्येच आहे. ते गाळू नका, कारण पुढचा सगळा प्रवास त्या रेल्वेची मक्तेदारी मोडायला काढलेल्या रस्त्यावरचा आहे.

आर्बेन्झ यांची कबर झोन ३ मधल्या मुख्य दफनभूमीत आहे. २७ जानेवारी १९७१ ला मेक्सिको सिटीत ते गेले. अस्थी मायदेशी यायला १९९५ उजाडलं. दफनभूमीला लागून दरीत शहराचा कचरा डेपो आहे, वर गिधाडं घिरट्या घालतात. परिसर चालत जाण्याजोगा नाही. अ‍ॅपवरची टॅक्सी थेट फाटकापर्यंत घ्या, सकाळी दहाच्या आत जा, फाटकाशी रखवालदाराला नाव सांगून वाट विचारा, आणि दरीकडच्या कडेला जाऊ नका, तिथली जमीन खचते.

आता रस्ता. पहाटे पाचला निघा. सहानंतर राजधानीतून बाहेर पडायलाच दीड तास जातो आणि पुढे बंदराकडे जाणाऱ्या कंटेनर ट्रकांच्या मागे अडकायला होतं. पुएर्तो बारियोसची बस झोन १ मधून सुटते आणि पाच-सहा तास घेते. अंधार पडल्यावर या मार्गावर गाडी चालवू नका. मागण्यांसाठी रस्ता अडवण्याची इथे रीत आहे, त्याला ‘ब्लोकेओ’ म्हणतात. निघण्याच्या आदल्या रात्री हॉटेलात विचारून घ्या आणि वेळापत्रकात एक मोकळा दिवस ठेवा.

आर्बेन्झ यांच्या काळात अटलांटिक किनाऱ्याला माल न्यायला एकच रेल्वे होती. तिच्यात युनायटेड फ्रूटचा मोठा वाटा, आणि शेवटी पुएर्तो बारियोसचा धक्काही त्याच गोटाचा. भाडं ते ठरवत. आर्बेन्झ यांनी कंपनीची रेल्वे किंवा बंदर ताब्यात घेतलं नाही. शेजारून सरकारी रस्ता काढायचा, सान्तो तोमासला सरकारी बंदर बांधायचं, सरकारी वीजकेंद्र उभारायचं आणि स्पर्धेनं मक्तेदारी मोडायची, असा त्यांचा बेत होता. त्यांना कम्युनिस्ट ठरवून मोकळं होणाऱ्यांनी एवढं तरी पाहावं. रस्त्याचं काम त्यांच्या काळात सुरू झालं, पुरं झालं ते त्यांच्या पाडावानंतर. आज या महामार्गाला त्यांचंच नाव आहे.

एल रांचोनंतर मोताग्वा नदीचं खोरं लागतं: निवडुंग, धूळ, चाळिशीला टेकणारा उन्हाळा. माणशी तीन लिटर पाणी हवंच. रिओ ओंदोला दक्षिणेकडे फाटा फुटतो, तो साकापा, चिकिमुला आणि एस्किपुलासला जातो. १८ जून १९५४ ला आर्बेन्झविरोधी बंडखोर कर्नल कास्तियो आर्मास सीआयएनं उभ्या केलेल्या जेमतेम पाचशे माणसांनिशी होंडुरासमधून आत शिरले, तो हा पट्टा. नकाशा पुढ्यात घेऊन पाहिलं की कळतं, ही फौज लढून जिंकली नाही. ग्वालानला तीसेक सैनिकांनी त्यांच्या सव्वाशे जणांना पिटाळलं. पुएर्तो बारियोसला पोलीस आणि गोदी कामगारांनी हल्ला परतवला. पण मुख्य सैन्य साकापात बसून राहिलं. अधिकाऱ्यांना भीती कास्तियो आर्मास यांची नव्हती, त्यांना हरवलं तर अमेरिका स्वतः उतरेल याची होती. चिकिमुला पडलं, जनतेला शस्त्रं द्यायचा आर्बेन्झ यांचा हुकूम सैन्यानं मानला नाही, आणि २७ जूनच्या रात्री त्यांनी रेडिओवरून राजीनामा दिला.

एस्किपुलासला मुक्काम केलात तर काळ्या ख्रिस्ताची बॅसिलिका पाहून होते. आर्बेन्झविरोधी आर्चबिशपांनी १९५३ मध्ये याच मूर्तीची प्रतिकृती देशभर फिरवली होती. १५ जानेवारीच्या आसपास मात्र इथे यात्रा असते, खोली मिळत नाही.

सीए-९ वर परत या. ग्वालाननंतर हवा दमट होते आणि केळीच्या बागा सुरू होतात. घडांवर निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या चढवलेल्या दिसतील. किरिग्वाचे माया शिलास्तंभ याच बागांच्या मधोमध आहेत, कारण ही जमीन युनायटेड फ्रूटनं विकत घेतली होती आणि अवशेषांभोवतीचा तुकडा तेवढा राखून ठेवला होता. सर्वांत उंच स्तंभ साडेदहा मीटरचा आहे. बसच्या कंडक्टरला ‘रुइनास दे किरिग्वा’ असं निघतानाच सांगून ठेवा, नाहीतर बस फाट्यावर थांबत नाही. फाट्यापासून साडेतीन किलोमीटर आत टुकटुकनं जा. आपल्याकडच्या बजाजच्या रिक्षा या देशात सगळीकडे धावतात. भाडं बसण्याआधी ठरवा. डासांचं मलम, बंद बूट आणि सुटे केत्साल (इथलं चलन) जवळ हवेत, कार्ड चालेल असं धरून चालू नका.

पुएर्तो बारियोस देखणं गाव नाही आणि रात्री फिरण्याजोगंही नाही. जुन्या बंदराचा परिसर दुपारी पाहा, पलीकडच्या सान्तो तोमासला टॅक्सीनं जाऊन या, मग किनाऱ्यावरच्या लिव्हिंगस्टन गावाची बोट पकडा. बोट भरली की सुटते आणि दुपारनंतर समुद्र खवळतो, म्हणून सकाळचीच घ्या.

केत्साल्तेनांगोसाठी उलट्या दिशेला २०० किलोमीटर जावं लागतं. उंची २,३०० मीटरच्या वर, रात्री स्वेटर लागतोच. वेळ कमी असेल तर हेच गाळा, महामार्ग गाळू नका.

नोव्हेंबर ते एप्रिल कोरडा काळ. २० ऑक्टोबरला क्रांतिदिनाच्या मिरवणुका पाहायला जाणार असाल तर पावसाची तयारी ठेवा. सुट्टीमुळे संग्रहालयं बंद असू शकतात, ती आधीच उरका. भारतातून थेट विमान नाही. अमेरिकेमार्गे गेलात तर नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो. ग्वाटेमालाच्या व्हिसाचे नियम दिल्लीतल्या दूतावासाकडून तिकीट काढण्याआधी लेखी घ्या. होंडुरास, एल साल्व्हादोर आणि निकाराग्वा धरून चार देशांत मिळून ९० दिवस मोजतात, त्यामुळे एस्किपुलासहून होंडुरासला जाऊन आल्यानं मुदत वाढत नाही. शाकाहारींनी ‘सिन कार्ने’ एवढंच म्हटलं तर ताटात कोंबडी येते. ‘सिन पोयो’ही म्हणा, आणि घेवड्याची उसळ डुकराच्या चरबीत केली आहे का ते ‘मान्तेका’ हा शब्द वापरून विचारा.