अकरावीची सुट्टी, कॅन्सर संशोधन आणि कांद्याची मुळं

अकरावीची परीक्षा आटोपली की जळगाव-धुळ्याची पोरं विचारतात, उन्हाळ्यात कॅन्सरच्या संशोधनाला कुठे जाता येईल? खरं सांगायचं तर बारावीच्या आत मोठ्या प्रयोगशाळेत शिरकाव अवघड आहे. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकचं (टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र) प्रशिक्षण असो की विज्ञान अकादम्यांची उन्हाळी फेलोशिप, दोन्ही मुख्यतः पदवी आणि पुढच्या विद्यार्थ्यांसाठी. अमेरिकेतल्या बऱ्याच योजना तिथलं नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा परवाना मागतात. अर्जाचा निबंध लिहायला बसण्याआधी पात्रतेची अट वाचा. आणि फी घेऊन आठवड्यात सर्टिफिकेट देणाऱ्या ऑनलाइन इंटर्नशिपला पैसे घालू नका.

त्यापेक्षा कॉलेजची लॅब उघडून मागा. कॅन्सर म्हणजे पेशी-विभाजनाचा ताबा सुटणं, आणि विभाजन पाहायला कांद्याची मुळं पुरतात. प्रश्न आपल्याच भागातला घ्या: तंबाखूचं पाणी विभाजनाचं काय करतं?

मागच्या हंगामाचा कांदा मिळाला तर बरा, नवा उन्हाळी कांदा सुप्तावस्थेत असतो, मुळं लवकर धरत नाही. बुडखा खरवडून माठातल्या पाण्यावर टेकवा. मे महिन्यात खोलीत पाणी तापतं आणि मुळं सडतात, म्हणून कूलरजवळ ठेवा, पाणी रोज बदला. मुळं 1-2 सेंमी झाली की निम्मे कांदे 24 तास तंबाखूच्या पाण्यात, निम्मे साध्या पाण्यात. 100 मिलि पाण्यात 1 ग्रॅम तंबाखू भिजवून गाळा, मग दहापट पातळ करा. दाट पाण्यात मुळं सरळ मरतात, मोजायला काही उरत नाही. हातमोजे घाला.

सकाळी मुळं कापून 1 भाग अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड, 3 भाग अल्कोहोलमध्ये टाका. दुसऱ्या दिवशी 9 थेंब अ‍ॅसिटोकार्मिन (गुणसूत्रांना रंग देणारं द्रावण), 1 थेंब 1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड. सरांच्या समोर, हलकं गरम, उकळी नको. फक्त टोकाचे 1-2 मिमी स्लाइडवर घेऊन दाबा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. मागचा भाग आला की लांबट, न विभागणाऱ्या पेशी दिसतात आणि विभागणाऱ्या पेशींची टक्केवारी फुकट घसरते.

दर कांद्यामागे 1000 पेशी पाहून त्यातल्या विभागणाऱ्या किती ते मोजा, प्रत्येक गटात किमान पाच कांदे. स्लाइडवर मित्राकडून नुसते क्रमांक टाकून घ्या. तंबाखूची कोणती हे ठाऊक असलं की डोळा आपोआप हवं तेच शोधतो. विभाजन कमी दिसलं म्हणून 'तंबाखूने कॅन्सर सिद्ध' असं लिहू नका. त्याचा अर्थ फक्त पेशीला इजा. तुटलेली गुणसूत्रं, छोटी जादा केंद्रकं वेगळी नोंदवा.

लॅब मिळालीच नाही तर सीबायोपोर्टल ही कॅन्सरच्या जनुकीय माहितीची वेबसाइट मोफत आहे. तिथे टीसीजीए या अमेरिकी कॅन्सर-जनुक प्रकल्पाच्या डोकं-मान कॅन्सरच्या यादीत टीपी53 या पेशी-विभाजनाला लगाम घालणाऱ्या जनुकात बिघाड किती जणांत, आणि एचपीव्ही (कॅन्सर घडवू शकणारा विषाणू) असलेल्यांत किती, ते पाहा. मात्र ते रुग्ण बहुतांशी अमेरिकेतले. गालाच्या आतल्या, आपल्याकडे जास्त दिसणाऱ्या कॅन्सरचा जनुकीय अभ्यास भारतीय गटाने 2013 मध्ये छापला आहे. तो शेजारी ठेवूनच निष्कर्ष लिहा.