सहा मिनिटांचा निकाल

एलएल.बी.ला पुरावा कायदा शिकवताना मी एखादा जुना खटला निकाल न सांगता वर्गापुढे ठेवतो. यंदा आयर्लंडमधलं मामट्रास्ना घेतलं, गॉलवे आणि मेयो या काउंट्यांच्या सीमेवरचं डोंगरातलं गाव. ऑगस्ट 1882 मध्ये तिथे रात्री घरात घुसून जॉन जॉइस, त्याची बायको, आई, मुलगी आणि एका मुलाला मारलं. धाकटा पॅट्सी जखमी होऊन वाचला. दहाजण पकडले गेले. त्यांच्याच नात्यातल्या, पण त्यांच्याशी वाकडं असलेल्या तिघांनी शपथेवर सांगितलं, अंधारात आम्ही या दहांच्या मागोमाग गेलो होतो. त्यात दोन आरोपी माफीचे साक्षीदार झाले.

हात वर करायला सांगितले. जवळपास सगळा वर्ग म्हणाला, दोषी. दहांपैकी एक, मायल्स जॉइस, याला दोषी ठरवायला डब्लिनच्या ज्युरीलाही सहाच मिनिटं लागली होती.

मग उरलेलं सांगितलं. मारेकऱ्यांनी तोंडं काळी केली होती, असा जबाब जखमी पॅट्सीने आणि नंतर मेलेल्या त्याच्या भावाने दिला होता. सरकारी पक्षाने तो बचाव पक्षाला दाखवलाच नाही. पॅट्सीला धर्मशिक्षणाची उत्तरं येईनात, म्हणून त्याला शपथच दिली नाही. "सर, 118!" मागून कोणीतरी ओरडलं. बरोबर होतं. आपल्याकडच्या 1872 च्या पुरावा कायद्यात, कलम 118 प्रमाणे, प्रश्न समजणारं मूल साक्ष देऊ शकत होतं.

धडगावकडची एक मुलगी, घरी पावरी ही आदिवासी बोली बोलणारी, एरवी गप्प असते. तिने विचारलं, "मायल्सला इंग्रजी येत होतं?"

नव्हतं. तो आयरिशच बोलायचा, खटला इंग्रजीत चालला. दोषी ठरल्याचं त्याला एका पोलिसाने समजावलं.

"आमच्याकडचेही कोर्टात असेच बसतात सर. विचारलं की मान हलवतात."

साक्षीदार काय म्हणतो ते आरोपीला समजेल अशा भाषेत सांगायचं, हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 279 मध्ये होतं, नव्या संहितेतही आहे. त्यासाठी उठून उभे राहणारे वकील मी फार पाहिले नाहीत.

15 डिसेंबरला गॉलवेच्या तुरुंगात मायल्ससह तिघांना फाशी झाली. मायल्स निर्दोष आहे, असं बाकीच्या दोघांनी मरणाआधी सांगितलं होतं. 1884 मध्ये एका माफीच्या साक्षीदाराने चर्चमध्ये आर्चबिशपसमोर खोटं बोलल्याचं कबूल केलं. आयर्लंडच्या राष्ट्रपतींची माफी आली ती 2018 मध्ये.

वाद पेटला तो उरलेल्या पाचजणांवरून. धर्मगुरूच्या सल्ल्याने त्यांनी गुन्हा कबूल केला आणि फाशी टळून जन्मठेप झाली. दोघे तुरुंगातच वारले, तिघे 1902 मध्ये सुटले. "अशील निर्दोष आहे, पण कबुलीने जीव वाचतोय. मग काय सांगायचं?" एकाने विचारलं. मी म्हटलं, परिणाम त्याला कळेल अशा भाषेत सांगायचे, निर्णय त्याचा. त्याला हे पळवाट काढल्यासारखं वाटलं, आणि तो स्टाफरूमपर्यंत भांडत आला.