इंजिनला थंडीही बाधते

गेल्या जुलैत आईला घेऊन कणकुंबीच्या माउलीला गेलो होतो. परत येताना जांबोटीच्या रानात असा पाऊस धरला की समोरचा रस्ता दिसेना, त्यात काचेवर आतून वाफ. हीटर लावला. पाच मिनिटांनी आई म्हणाली, "ह्यातनं गार वाराच यायलाय की रे. बंद कर, गुडघे धरले माझे."

पाऊण तास चाललेल्या गाडीचा हीटर गार कसा? मी तेव्हा तो बंद केला आणि विसरून गेलो. गाडीचं ॲव्हरेज का पडलं म्हणून दीड महिना डोकं खपवत होतो, त्याचं उत्तर आईनं दिलं होतं. मला ते उमगायला आणखी तीन आठवडे गेले.

मी बेळगावला उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. दिवसभर हातात मायक्रोमीटर आणि गेज, त्यामुळं मोजल्याशिवाय चैन पडत नाही. गाडी २०१२ ची, एक लिटरचं पेट्रोल इंजिन, २०१९ ला सेकंड हँड घेतली. तेव्हापासून पेट्रोलची वही ठेवलीय. पंप शक्यतो तोच, टाकी फुल, नोझल आपोआप बंद झालं की थांबायचं. पुढच्या वेळी पुन्हा तसंच भरायचं आणि मधल्या किलोमीटरला तेवढ्या लिटरनं भागायचं. पाचशे-पाचशेचं पेट्रोल टाकून ॲव्हरेज कळत नाही. एका टाकीवरही विश्वास ठेवू नये, कारण लिटर-अर्धा लिटर इकडं तिकडं होतं. तीन टाक्यांची सरासरी मात्र सहसा फसवत नाही.

मे २०२५ पर्यंत वहीत १७ च्या आसपास आकडे आहेत, शेवटचा १७.२. जूनमध्ये १५. जुलैत १३.६.

चहाच्या गाड्यावर सगळ्यांचं एकच म्हणणं: "इथेनॉल हो, दुसरं काय!" आपल्या जिल्ह्यात हा विषय जवळचा आहे. चिकोडी, अथणी, गोकाककडचा ऊस कारखान्यात जातो आणि त्याचंच इथेनॉल होऊन आपल्या टाकीत येतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते, म्हणजे वीस टक्के मिसळलं की ॲव्हरेज थोडं कमी होणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी सहा ते सात टक्के घट धरली होती. पण १७.२ वरून १३.६ म्हणजे एकवीस टक्के. इथेनॉलवर सगळा दोष टाकला तरी उरलेले चौदा-पंधरा टक्के कुठं गेले?

मग नेहमीची कामं करून पाहिली. एअर फिल्टर बदलला, तो खरंच भरला होता. प्लग नवे टाकले. हवा तपासली तर ३३ ऐवजी पुढच्या दोन्ही चाकांत २६. (हवा सकाळी टायर गार असताना तपासायची आणि आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवरचा धरायचा.) सपाट जागी गाडी न्यूट्रलला टाकून ढकलून पाहिली, एका हातानं सरकली, म्हणजे ब्रेक धरत नव्हते. एवढं करून १४.१.

शेवटी आमच्या शॉपमधल्या एका पोरानं मोबाईलला जोडायचा छोटा स्कॅनर दिला. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावला की इंजिनचा कॉम्प्युटर काय बघतोय ते स्क्रीनवर दिसतं. माझ्या गाडीत तापमानाचा काटा नाही, फक्त दिवा आहे. स्कॅनर लावून खानापूर रोडला पंधरा किलोमीटर गेलो. कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचं तापमान ६१ अंश. परत आलो तरी ६१. तापलेलं पेट्रोल इंजिन ८५-९० च्या आसपास असायला हवं. तेव्हा मला आईचे गुडघे आठवले. हीटर इंजिनच्याच गरम पाण्यावर चालतो.

वडगावातल्या आमच्या मेस्त्रीनं होज काढला, बोट घालून बघितलं आणि म्हणाला, "व्हॉल्व्हच इल्ल री!" म्हणजे व्हॉल्व्हच नाही!

थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह म्हणजे पाण्याच्या वाटेवरचं एक छोटं दार. आत मेण भरलेली डबी असते. पाणी तापलं की मेण फुगतं, दांडी ढकलली जाते आणि दार उघडतं. माझ्या नव्या व्हॉल्व्हवर ८२ कोरलंय, म्हणजे ८२ अंशाला उघडायला लागणारा. तोवर पाणी इंजिनातच फिरतं, रेडिएटरकडं जात नाही. दारच नसेल तर पहिल्या मिनिटापासून पाणी रेडिएटरमधून फिरतं, आणि आपल्याकडचा पावसाळी वारा समोरून लागला की इंजिन कधी तापतच नाही.

कॉम्प्युटरला मात्र वाटतं की गाडी आत्ताच सुरू झालीय. गार इंजिनाला तो जास्त पेट्रोल देतो, आणि माझ्या गाडीला तो ते घरापासून खानापूरपर्यंत देत राहिला. पैशांपेक्षा मला पुढचं ऐकून जास्त वाईट वाटलं. हे जादा पेट्रोल सगळं जळत नाही. ते सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑईलचा पातळ थर धुऊन खाली ऑईलमध्ये उतरतं. शिवाय एक लिटर पेट्रोल जळताना जवळपास लिटरभर पाणी तयार होतं. गरम इंजिनात त्याची वाफ बाहेर जाते, गार इंजिनात थोड्या वाफेचं आतच पुन्हा पाणी होतं. मेस्त्रीनं ऑईलचं झाकण उघडून दाखवलं, आतल्या बाजूला पिवळट पांढरा लोण्यासारखा थर. तिथं इंजिन फोडावं लागेल या भीतीनं माझ्या पोटात गोळा आला. असा थर हेड गॅस्केट (इंजिनच्या डोक्याखालचं सील) गेल्यावरही दिसतो, म्हणून त्यानं आधी डिपस्टिक आणि कूलंटची टाकी नीट पाहिली. दोन्ही स्वच्छ होती.

व्हॉल्व्ह कुणी काढला? मे महिन्यात गोव्याहून येताना चोर्ला घाटात गाडी गरम झाली होती. पेट्रोल तिकडं स्वस्त म्हणून टाकी फुल, डिकी भरलेली, एसी चालू. रस्त्यात एका गॅरेजवाल्यानं दुरुस्त करून दिली, मी आभार मानून निघालो. नंतर मुद्दाम जाऊन विचारलं तर तो शांतपणे म्हणाला, "गरम व्हायलीती म्हणून काढला. आता होतीय काय गरम?" होत नव्हती हे खरंच. पण काढला एवढं सांगितलं असतं तर माझ्या इंजिनानं अडीच महिने असे काढले नसते. व्हॉल्व्ह काढण्याची ही पद्धत आपल्याकडं सर्रास आहे, म्हणून हे लिहितोय. दुरुस्तीनंतर काढलेला प्रत्येक भाग हातात मागा.

गरम होण्याचं मूळ कारण मीच होतो. दोन वर्षं कूलंट कमी झालं की घरच्या बोअरचं पाणी ओतत होतो. त्या जड पाण्याचा क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसला. आणि बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर आहे, इथं साधं पाणी उघड्यावर ९७-९८ अंशालाच उकळतं. कूलंट आणि झाकणाचा दाब मिळून ही मर्यादा वर नेतात. बोअरच्या पाण्यानं मी पातळ केलं ते हेच कूलंट. आता रेडिएटर साफ, झाकण नवं, कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मंनिम्मं, व्हॉल्व्ह जागेवर. ऑईल मुदतीची वाट न पाहता लगेच बदललं, कारण त्यात पेट्रोल उतरलेलं होतं.

पुढच्या तीन टाक्यांची सरासरी १६.६. १७ च्या खालचं जे थोडं राहिलं ते मी इथेनॉलच्या खात्यावर टाकलंय.

स्कॅनर परत दिला नाही, विकत घेतला. त्यानं एक सवय बदलली. माझ्या घरापासून शॉप साडेचार किलोमीटर. पावसाळ्यात गाडी जेमतेम तापते आणि मी चावी काढतो. म्हणजे व्हॉल्व्ह असूनही माझं इंजिन रोज गारच चालत होतं. आता आठवड्यात तीन दिवस सायकल. दूध, औषधं, आईची पेन्शन ही कामं एकाच फेरीत. सकाळी गाडी उभी ठेवून तापवत नाही, अर्ध्या मिनिटात निघतो आणि पहिले चार-पाच किलोमीटर हळू चालवतो. अशा छोट्या फेऱ्यांच्या गाडीला दहा हजार किलोमीटरवर ऑईल बदलणं मला पटत नाही, मी पाच हजारांवर बदलतो.

घाटाबद्दल कळकळीनं सांगतो. चोर्ल्यात, तवंदीत, आंबोलीत पेट्रोल वाचतं म्हणून न्यूट्रलला उतरणारे मी नेहमी बघतो. इंजेक्शनच्या, म्हणजे कॉम्प्युटरच पेट्रोल सोडतो त्या गाडीत ते वाचत नाही. गिअर टाकून ॲक्सिलरेटर सोडला की चाकंच इंजिन फिरवतात आणि कॉम्प्युटर पेट्रोल पूर्ण तोडतो, स्क्रीनवर ते डोळ्यानं दिसतं. न्यूट्रलला मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतंच, आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ओल्या वळणावर तापलेले ब्रेक म्हणजे काय हे ज्यांनी पाहिलंय ते पुन्हा तसं करणार नाहीत.

परवा पुन्हा कणकुंबीला गेलो. पाऊस तसाच, काच तशीच. हीटर लावला. स्क्रीनवर ८६. दोन मिनिटांत काच निवळली. आईनं हात हीटरच्या जाळीवर शेकून घेतले, मग गुडघ्यांवर ठेवले, आणि जांबोटीच्या अलीकडं म्हणाली, "आता कमी कर बाबा, उकडायलंय."