आमची वाटचाल: वेब सर्व्हिसेस शिकवणारा पुण्यातला एक छोटा क्लास

2005 साली कर्वे रोडला एका दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये आम्ही दोघांनी क्लास सुरू केला, मी आणि माझा पार्टनर. तेव्हा कोअर जावाचे क्लास गल्लोगल्ली होते पण वेब सर्व्हिसेस, म्हणजे दोन सॉफ्टवेअरनी नेटवर्कवरून एकमेकांशी बोलायची पद्धत, मुळापासून शिकवणारं कोणी आम्हाला तरी दिसत नव्हतं. हिंजवडीत इंटिग्रेशनचे, म्हणजे वेगवेगळ्या सिस्टीम जोडायचे, प्रोजेक्ट धडाधड येत होते आणि पोरं विझार्डमध्ये नेक्स्ट नेक्स्ट करून स्टब (दुसऱ्या सिस्टीमला कॉल करणारा आयता कोड) जनरेट करायची, वायरवरून नक्की काय जातंय ते कोणालाच माहीत नाही. म्हणून आम्ही ठरवलं की आधी डब्ल्यूएसडीएल, म्हणजे सर्व्हिस काय घेते आणि काय देते ते सांगणारी फाइल, हाताने लिहायची, टाइप्सपासून पोर्टटाइप, बाइंडिंगपर्यंत सगळी, आणि कोडला त्यानंतरच हात लावायचा.

आमचं खरं हत्यार म्हणजे टीसीपीमॉन. अ‍ॅक्सिस या वेब सर्व्हिसच्या टूलकिटबरोबर यायचं, मध्ये बसून दोन्हीकडचे मेसेज दाखवणारं अगदी साधं टूल. सर्व्हर 8080 पोर्टला, टीसीपीमॉन 8081 वर ऐकतंय, क्लायंटला 8081 द्यायचा की वर रिक्वेस्ट आणि खाली रिस्पॉन्स, अख्खं एन्व्हलप, म्हणजे सोप पद्धतीचा एक्सएमएल (टॅग लावलेला) मेसेज, डोळ्यासमोर. क्लायंट चालतोय, एरर काहीच नाही, पण सर्व्हरला व्हॅल्यू नल मिळतेय हा प्रॉब्लेम प्रत्येक बॅचमध्ये यायचा. मी उत्तर सांगायचो नाही, टीसीपीमॉन लावा म्हणायचो. मग दिसायचं की आतल्या एलिमेंटला (टॅगला) नेमस्पेसच, म्हणजे तो टॅग कोणाचा हे सांगणारं नावच, नाही, स्कीमात (डेटाचा आकार ठरवणाऱ्या भागात) एलिमेंटफॉर्मडिफॉल्ट क्वालिफाइड लिहायचं राहिलंय. ते सापडल्यावर पोरांचे चेहरे बघण्यासारखे असायचे. पुढे सोपयूआय हे टेस्टिंगचं टूल आलं, तेही शिकवलं, पण पहिला आठवडा टीसीपीमॉनचाच.

2008 मध्ये आमच्यापासून जवळच एक मोठा क्लास उघडला. चौकात होर्डिंग, दोन वीकेंडमध्ये एसओए (सर्व्हिसेस जोडून सिस्टीम बांधायची पद्धत) आणि वर प्लेसमेंटची गॅरंटी. आमचे दोन फॅकल्टी त्यांनी जास्त पगार देऊन नेले, त्याचं मला वाईट वाटत नाही, धंदा आहे. पण आमचं लॅब मॅन्युअल जसंच्या तसं छापलं ते मी विसरलेलो नाही. त्यांच्या एका विद्यार्थ्याने नोट्स दाखवल्या तर प्रत्येक डब्ल्यूएसडीएलच्या टार्गेटनेमस्पेसमध्ये आमच्या क्लासचं नाव! कव्हर बदललं, फी दुप्पट केली, पण नेमस्पेस बदलली की उदाहरणं चालत नाहीत म्हणून ती तशीच ठेवली. मी स्वतः जाऊन भेटलो तर म्हणे, इंटरनेटवरून घेतलंय. माफी नाही की काही नाही.

त्यातच मंदी. कंपन्यांचं ट्रेनिंग बजेट सगळ्यात आधी कापलं जातं हे या धंद्यातल्यांना सांगायला नको. आणि जानेवारी 2009 मध्ये बर्टन ग्रुप या आयटी रिसर्च कंपनीच्या अ‍ॅन थॉमस मेन्स यांनी एसओएचा मृत्युलेखच लिहिला. त्यात सर्व्हिसेसची गरज उलट वाढलीय असंही स्पष्ट म्हटलं होतं, पण लोकांनी मथळाच वाचला, चौकशीचे फोन बंद, भाडं थकलेलं. पार्टनर नोकरीवर गेला. त्याच्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही, घरी लहान मूल होतं आणि तरी जाताना लॅबची मशीन्स तो क्लासलाच ठेवून गेला.

तेव्हा आम्हाला तारलं भोसरीतल्या एका ऑटो पार्ट्स कंपनीच्या आयटीच्या साहेबांनी. त्यांचं डिस्पॅच डॉट नेटमध्ये, स्टोअर्स जावामध्ये, आणि डॉट नेटवाले सर्व्हिसमधून सरळ डेटासेट (डॉट नेटचाच टेबलांचा खास प्रकार) परत पाठवायचे, त्याचा जावाच्या बाजूला काय अर्थ लावणार? मी त्यांच्या माणसांना बसवून स्कीमा आधी लिहायला लावला, डेटासेट काढून साधे टाइप ठेवले, आणि दोन्ही बाजू बोलायला लागल्या. साहेब म्हणाले, "सर, दरवर्षी आमची नवीन पोरं तुमच्याकडेच येणार," आणि त्या वर्षीच्या बॅचचे पैसे आधीच दिले. रिटायर होईपर्यंत त्यांनी शब्द पाळला.

मधली वर्षं बरी गेली. नवीन क्लास काढणाऱ्यांना एक सांगतो, कोणी विचारलं नसलं तरी: प्रॉडक्ट शिकवू नका, काँट्रॅक्ट, म्हणजे दोन बाजूंमधला मेसेजचा करार, शिकवा. यूडीडीआयवर, म्हणजे वेब सर्व्हिसेसच्या डिरेक्टरीवर, कोर्स बांधणाऱ्यांचं काय झालं बघा, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि सॅपने ती पब्लिक रजिस्ट्री 2006 मध्ये बंदच केली. आणि प्लेसमेंटची गॅरंटी कधीच देऊ नका, नोकरी देणारे आपण नाही.

2014 नंतर सगळे मायक्रोसर्व्हिसेस (छोट्या छोट्या स्वतंत्र सर्व्हिसेस) म्हणायला लागले, आम्हीही रेस्ट (साध्या वेब पत्त्यांवरून सर्व्हिस देणं) आणि त्याचं काँट्रॅक्ट लिहायचं ओपनएपीआय घेतलं, पण काँट्रॅक्ट फर्स्टची सवय तीच. 2018 मध्ये जावा 11 ने जॅक्स-डब्ल्यूएस हा सोपचा भाग जेडीकेमधून (जावाच्या मूळ किटमधून) काढून टाकला तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांचे फोनवर फोन, सर, डब्ल्यूएसइंपोर्ट (स्टब बनवणारी कमांड) सापडत नाही! एक्सएमएल संपलं म्हणणाऱ्यांनी यूपीआयचे मेसेज उघडून बघावेत, एक्सएमएलच आहे. बँकांमध्ये सोप अजून चालू आहे आणि ते रेस्टवर न्यायला दोन्ही येणारी माणसं लागतात, आमच्या सध्याच्या शनिवार-रविवारच्या बॅचमध्ये निम्म्याहून जास्त लोक त्याच कामातले आहेत. तो होर्डिंगवाला क्लास आता डेटा सायन्स शिकवतो.