यंदा मुंबई सिटी कितवी येणार? तुम्ही विचारलंत म्हणून…

इंडियन सुपर लीगमधला आपला मुंबई सिटी हा फुटबॉल संघ पुरता जमलेलाही नसतो, तेव्हापासून हा प्रश्न येतो: "यंदा मुंबई कितवी? शील्ड, की नुसतं प्लेऑफ?" (शील्ड लीगच्या गुणतक्त्यात पहिल्या येणाऱ्याला, कप त्यानंतरचं प्लेऑफ जिंकणाऱ्याला.) आकडा सांगितला नाही तर मी टाळतो. "पहिल्या चारात येणंही कठीण आहे" म्हटलं तर माझा संघावर विश्वास नाही. दोन्ही आरोप ऐकून झालेत आणि दोन्ही लागतात. आकडा सांगायला मी घाबरत नाही. ज्या गोष्टींवरून तुम्ही तो मागता, त्यांवरून तो निघत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

तुमच्या चर्चेत पहिलं नाव नेहमी परदेशी स्ट्रायकरचं असतं. पण २०२१-२२ पासून मैदानावर एका वेळी चारच परदेशी चालतात. त्याआधी पाच चालायचे. म्हणजे सात भारतीय, पूर्ण नव्वद मिनिटं. चार परदेशी जागा बहुतेक सगळे क्लब सारख्याच वापरतात: एक सेंटर बॅक, एक-दोन मिडफिल्डर, एक स्ट्रायकर. संघांमधला खरा फरक उरलेल्या सातांत पडतो. मधल्या फळीत अपुइयासारखा भारतीय असला की एक परदेशी जागा मोकळी होते आणि ती पुढे वापरता येते. २०२४च्या उन्हाळ्यात तो मोहन बागानला गेला, तेव्हा मुंबईपुढे दोनच वाटा उरल्या. त्याच्या जागी परदेशी खेळवायचा, तर पुढचा एक माणूस कमी. भारतीय खेळवायचा, तर दडपणाखाली बॉल घेऊन वळण्याची ती सफाई कुठून आणायची? त्याच उन्हाळ्यात राहुल भेके, पेरेरा दियाझ आणि नोगेरा बेंगळुरूला गेले. चर्चा मात्र नव्या आलेल्या स्ट्रायकर करेलिसची. मोसमाचा निकाल तुमच्यासमोर आहे: २४ सामने, ९ विजय, ९ बरोबरी, ६ पराभव, ३६ गुण, सहावा क्रमांक, आणि प्लेऑफमध्ये बेंगळुरूत ०-५.

यातलं ०-५ सगळ्यांच्या लक्षात आहे. मी त्या नऊ बरोबरींकडे बोट दाखवतो. एका बरोबरीत दोन गुण जातात, म्हणजे तिथे अठरा गुण गेले.

आता १५ एप्रिल २०२४बद्दल. प्रत्येक चर्चा शेवटी तिथेच जाते, आणि तिथे आपलं एकमत कधीच होत नाही. कोलकात्याचं सॉल्ट लेक स्टेडियम, लीगचा शेवटचा सामना. मुंबई ४७ गुणांवर, मोहन बागान ४५ वर. बरोबरी पुरेशी होती. २८व्या मिनिटाला लिस्टन कुलासोचा गोल झाला. तरीही पुढचा तासभर हिशेब तोच होता: एक गोल करा, १-१ करा, शील्ड आपली. ८०व्या मिनिटाला कमिंग्सने दुसरा मारला. ८९व्या मिनिटाला छांगटेने एक परत केला. इंज्युरी टाइममध्ये मोहन बागानचा एक खेळाडू लाल कार्डावर बाहेर गेला, तरी दुसरा गोल झाला नाही. २-१. त्यांचे ४८, आपले ४७.

तुम्ही म्हणता, संघ बरोबरीसाठी खेळला म्हणून हरला. काही अंशी मान्य आहे. बरोबरी पुरेशी असली की फुलबॅक (कडेचे बचावपटू) अर्धी पावलं मागे राहतात, मिडफिल्डर पुढचा पास सोडून बाजूचा देतो, आणि पहिला गोल खाल्ला की तीच सवय तासाभरात मोडावी लागते. समोर हबाससारखा प्रशिक्षक आणि भरलेलं सॉल्ट लेक असताना ती मोडणं किती अवघड आहे, हे त्या तासाने दाखवलं. पण शील्ड त्याच रात्री गेली, हे मला मान्य नाही. त्या मोसमात मुंबईच्या पाच बरोबरी होत्या. त्यातली कुठलीही एक जिंकली असती तर ४९ गुण झाले असते, आणि सॉल्ट लेकमध्ये हरूनही शील्ड आपल्याकडे आली असती. आधी कुठल्यातरी संध्याकाळी ८५व्या मिनिटाला ताजा विंगर आत आला नाही, कॉर्नरवर पहिल्या पोस्टला कुणी धावलं नाही, आणि दोन गुण राहिले. ते सामने कुणाला आठवत नाहीत.

आणि त्या पराभवाची किंमतही नीट समजून घ्या. आशियातल्या स्पर्धेची जागा शील्डला जोडलेली होती. त्यामुळे मोहन बागान एएफसी चॅम्पियन्स लीग टूमध्ये गेलं. मुंबईने कप जिंकला, आणि कपाला आशिया नव्हता.

हो, कप जिंकला. नऊच दिवसांनी फातोर्ड्यात गोव्याविरुद्ध ९०व्या मिनिटापर्यंत ०-२ ने मागे असलेला हा संघ तीन गोल मारून ३-२ ने जिंकला, आणि ४ मे रोजी त्याच सॉल्ट लेकवर, त्याच मोहन बागानविरुद्ध ३-१. कमिंग्सचा गोल आधी, मग दियाझ, बिपिन, वोय्टुस. एकोणीस दिवसांत ना खेळाडू बदलले, ना प्रशिक्षक. १५ एप्रिलच्या रात्री "या संघात दम नाही" म्हणणारे आणि ४ मेच्या रात्री "हा भारतातला सर्वोत्तम संघ" म्हणणारे तुम्हीच होता. एका सामन्यावरून पुढच्या मोसमाचा अंदाज मी का बांधत नाही, याचं याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

तरी माझ्याच जुन्या मताशी मला भांडावं लागतं. २०२१ साली मी याच्या नेमकं उलट मांडत होतो, की मोठी रात्र जिंकणारा संघच शील्ड जिंकतो. पुरावा भक्कम होता. २८ फेब्रुवारी २०२१ला शेवटच्या सामन्यात एटीके मोहन बागानला (मोहन बागानचं तेव्हाचं नाव) हरवणं भाग होतं. फॉल आणि ओगबेचेच्या गोलांनी २-० झालं, दोघांचे ४० गुण झाले, आणि आपापसातल्या सामन्यांवर शील्ड मुंबईची ठरली. तिथे बरोबरींचा हिशेब कुणी मांडला नव्हता. ते मत अजून पूर्ण सुटलेलं नाही.

प्रशिक्षकाचंही तसंच. शील्ड जिंकून देणारा लोबेरा गेला, अमरिंदर, बूमस, ओगबेचे हे खेळाडू गेले आणि २०२१-२२मध्ये मुंबई पाचवी आली. तेव्हा माझं म्हणणं, नव्या प्रशिक्षकाला दुसरं वर्ष द्या. बकिंगहॅमच्या दुसऱ्या वर्षी २० सामन्यांत ५४ गोल, ४६ गुण, पहिले १८ सामने अपराजित, आणि गोव्याला ५-३ ने हरवून दोन सामने राखून शील्ड. सिद्धांत पक्का वाटला. मग क्रॅट्की मोसमाच्या मध्यात आला, पहिल्याच अर्ध्या वर्षात कप जिंकला, आणि त्याच्या पहिल्या पूर्ण मोसमात संघ सहावा. आता काय म्हणू? संघ जमलेला असेल तर नवा माणूसही चालतो, विस्कटलेला असेल तर ओळखीचा माणूसही पुरत नाही, असं सध्या म्हणतो. उद्या बदलेल.

मँचेस्टर सिटीच्या मालकीच्या सिटी फुटबॉल ग्रुपने २०१९मध्ये मुंबई सिटीत घेतलेला हिस्सा डिसेंबर २०२५मध्ये सोडला, याकडे तुम्ही फक्त पैशाच्या बाजूने पाहता. बकिंगहॅम आणि क्रॅट्की दोघंही याच ग्रुपच्या मेलबर्न सिटीत काम करून इथे आले होते. प्रशिक्षक ओळखीच्या घरातून मिळायचा, त्याच्या कामाची माहिती आधीच हाताशी असायची. ती वाट आता बंद आहे. पुढची प्रत्येक नेमणूक क्लबला स्वतःच पारखावी लागेल, आणि एक चुकीची नेमणूक म्हणजे गेलेला मोसम.

आता अंदाज कसा बांधायचा ते सांगतो. आधी लीगचं स्वरूप पाहा. २०२५-२६ची लीग फेब्रुवारीत सुरू झाली आणि प्रत्येकाला १३च सामने मिळाले. २०२४-२५मध्ये २४ होते. शील्ड जिंकणाऱ्यांचे गुण पाहिलेत तर २०२०-२१मध्ये सामन्याला २, २०२२-२३मध्ये २.३, २०२३-२४मध्ये साधारण २.२. म्हणजे २४ सामन्यांत ५२-५३ गुण हवेत, १३ सामन्यांत २८-२९. तेरांत नऊ विजय आणि दोन बरोबरी म्हणजे २९. लीग छोटी असली तर दोन वाईट आठवडे भरून काढायला वेळच नसतो. मग सुरुवातीला फिट असलेला संघ, मोसमात उशिरा जमणाऱ्या चांगल्या संघाच्या पुढे जातो.

मग कागदावर फक्त भारतीयांची नावं लिहा. गोलकीपर, दोन्ही फुलबॅक, एक सेंटर बॅक, एक मिडफिल्डर, दोन विंगर. प्रत्येकासमोर गेल्या मोसमातली खेळलेली मिनिटं मांडा. एकूण मिनिटांच्या निम्म्याहून कमी खेळलेले सातांत तीन असतील, तर मी त्या संघाला पहिल्या चारात धरत नाही. फुलबॅकवर विशेष लक्ष द्या. लेफ्ट बॅकला डावखुरा नसला की तो बॉल आत घेतो आणि विंगरची जागा अडते. मंदार राव देसाई मूळचा विंगर होता, म्हणून लोबेराच्या संघात डावी बाजू नेहमी उघडी असायची. शेवटी प्रत्येक जागेचा दुसरा माणूस लिहा, कारण पाच बदल मिळतात आणि बरोबरी मोडतात त्या ७०व्या मिनिटानंतर. ड्युरंड कपच्या निकालांवरून काही ठरवू नका. तिथे बरेच क्लब राखीव खेळाडू उतरवतात.

२०२४मध्ये अपुइया गेला, २०२५मध्ये बिपिन ईस्ट बंगालला आणि मेहताब मोहन बागानला. दोन उन्हाळ्यांत मधला, डावा आणि मागचा असे तीन कणे गेले. त्या तीन जागांवर आज कोण आहे आणि त्याच्यामागे कोण, हे ज्याला सांगता येतं त्याच्याशी मी क्रमांकावर वाद घालायला कधीही तयार आहे. स्ट्रायकरचं नाव मग शेवटी विचारा.