हवाईची पेले अजून कोणी मानतं का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हवाई बेटांवरच्या जुन्या कथा मी मराठीत सांगते, शाळांमध्ये, वाचनालयांमध्ये, कोणी बोलावलं तर महिला मंडळातही. कथा संपली की एक प्रश्न हमखास येतो: "तिथले लोक हे अजून खरं मानतात का, की आता नुसत्या गोष्टीच उरल्यात?" तेव्हा खुर्च्या उचलायची घाई असते आणि उत्तर अर्धवट राहतं. ते इथे पुरं करते.

मानतात. सगळे नाहीत, आणि मानणाऱ्यांपैकी कितीतरी जण ख्रिस्तीही आहेत. 1820 मध्ये तिथे मिशनरी पोहोचले. 1824 च्या डिसेंबरात कापिओलानी नावाची नुकती ख्रिस्ती झालेली एक सरदारकन्या किलाउएआ ज्वालामुखीवर गेली. पेले ही ज्वालामुखीची देवी, आणि तिथली ओहेलोची फळं तिला वाहिल्याशिवाय खायची नसतात. कापिओलानीने ती न वाहताच खाल्ली, ज्वालामुखीच्या कुंडात उतरली, ख्रिस्ती देवाची प्रार्थना केली आणि सुखरूप परत आली. पेलेचं पर्व संपलं, असं तेव्हा अनेकांना वाटलं. पुढे 1881 मध्ये माउना लोआ या शेजारच्या ज्वालामुखीचा लाव्हा हिलो शहराच्या तोंडाशी आला, तेव्हा लोकांनी राजघराण्यातल्या रूथ केएलिकोलानीला बोलावलं. तिने लाव्हासमोर उभं राहून जुने मंत्र म्हटले, रेशमी रुमाल आणि ब्रँडी अर्पण केली. लाव्हा शहराबाहेरच थांबला. कशामुळे थांबला यावर वाद घालण्यात मला रस नाही. संकट दाराशी आल्यावर लोकांना कोणाची आठवण झाली, एवढं मला त्यात दिसतं.

अगदी अलीकडचं, 2018 चं उदाहरण घ्या. किलाउएआच्या उतारावर जमिनीला भेगा पडल्या आणि लाव्हाने 700 हून अधिक घरं गिळली. घर सोडून निघताना कित्येकांनी दारात 'टी' नावाच्या झाडाची (चहाची नव्हे) पानं आणि फुलं ठेवली. ही जमीन मुळात तिचीच, ती घ्यायला आली आहे, असं घर गमावलेली माणसं म्हणत होती. आपल्याकडे कुलदैवत कोपलं तरी घरचंच असतं, तसं हे नातं. तिथली काही घराणी पेलेला सरळ आपली पूर्वज मानतात. ज्वालामुखीचा दगड घरी नेला तर पेलेचा शाप लागतो, ही गोष्ट मात्र पर्यटकांमध्ये पसरलेली आहे. जुन्या परंपरेत तिचा मागमूस नाही. घाबरलेले प्रवासी आजही तिथल्या राष्ट्रीय उद्यानाला टपालाने दगड परत पाठवतात.

आता ती कथा, जिच्यासाठी मी या वाटेला लागले.

पेले दूरच्या कहिकीहून होडीने निघाली. काखेत जपलेलं एक अंडं होतं, त्यात तिची धाकटी बहीण हिइआका. मागे लागली होती थोरली बहीण नामाकाओकाहाई, समुद्राची देवी. पेले काठीने जमीन उकरून आगीसाठी घर करायची आणि समुद्र येऊन ते बुडवायचा. काउआई, ओआहू, मोलोकाई, माउई असं करत शेवटी ती हवाई बेटावर किलाउएआला स्थिरावली. भूशास्त्रज्ञांनी खडकांची वयं मोजली, तेव्हा बेटांचा क्रम हाच निघाला: काउआई सुमारे 50 लाख वर्षांचं, हवाई सगळ्यांत तरुण, आणि जुनी बेटं समुद्राने झिजवलेली.

एकदा झोपेत पेलेचा आत्मा ढोलाच्या आवाजामागे काउआईपर्यंत गेला आणि तिथल्या लोहिआउ या देखण्या सरदारावर तिचं मन बसलं. जागी झाल्यावर तिने बहिणींना विचारलं, त्याला आणायला कोण जाईल? बाकीच्या गप्प राहिल्या, हिइआका तयार झाली. तिने एकच मागितलं: मी नसताना माझी ओहिआ लेहुआची राई आणि माझी मैत्रीण होपोए यांना जप. पेलेने कबूल केलं आणि मुदत दिली 40 दिवसांची. वाटेत हिइआका सरड्यासारख्या राक्षसांशी लढली. पोहोचली तर लोहिआउ मेलेला. मंत्र म्हणत, वनस्पतींचे उपचार करत तिने त्याचा जीव परत आणला. यात दिवस उलटले. इकडे पेलेच्या मनात संशय पेटला आणि तिने राई जाळली, होपोएला लाव्हाने गाडलं. परतलेल्या हिइआकाने ते पाहिलं आणि ज्वालामुखीच्या काठावर, बहिणीच्या डोळ्यांदेखत, लोहिआउला मिठी मारली. तोवर तिने त्याला प्रेमाने बोटही लावलेलं नव्हतं. पेलेने लोहिआउला जाळलं. हिइआका त्याच्यासाठी वेड्यासारखी जमीन खोदत सुटली, दगड उडू लागले. आणखी खोल गेलीस तर पाणी लागेल आणि पेलेची आगच विझेल, असं सांगून तिला थांबवावं लागलं.

ज्वालामुखीतज्ज्ञ डॉन स्वान्सन यांनी 2008 मध्ये या कथेची सांगड किलाउएआच्या इतिहासाशी घातली. पंधराव्या शतकात तिथून सुमारे 60 वर्षं लाव्हा वाहिला आणि जवळपास 430 चौरस किलोमीटर भाग, मुख्यतः जंगल, त्याखाली गेला. ही जळालेली राई. त्यानंतर, 1500 च्या सुमारास, शिखर खचून मोठं कुंड तयार झालं. हे हिइआकाचं खोदणं. हे कुंड 1790 मध्ये झालं असं शास्त्रज्ञ बराच काळ धरून चालले होते, मंत्र मात्र ते आधीचं असल्याचं सांगत होते. हे ऐकल्यावर श्रोते खूश होतात, मीही झाले होते. पण शास्त्राचा दाखला मिळाला म्हणून ही कथा मोलाची झाली, असं कोणी म्हटलं की मला राहवत नाही. एका बहिणीने वचन पाळलं आणि दुसरीने मोडलं, हे दुःख कुंडाच्या तारखेआधी येतं.

ही कथा आपल्यापर्यंत पोहोचली ती वर्तमानपत्रांमुळे. 1834 ते 1948 या काळात हवाईयन भाषेत शंभराच्या आसपास पत्रं निघाली, त्यांची सव्वा लाख पानं आहेत. हिइआकाची कथा 1861 मध्ये 'का होकू ओ का पाकिपिका' या पत्रात क्रमशः आली. हे पत्र हवाईयन लोकांनी स्वतः चालवलेलं. पुढे राजा झालेला कालाकाउआ (1881 च्या जगप्रवासात तो मुंबईलाही येऊन गेला) त्याच्या संपादनात होता. 1893 मध्ये राज्य उलथवलं गेलं, 1896 च्या कायद्याने शाळा इंग्रजीत गेल्या आणि दोन पिढ्यांत मुलांच्या तोंडची भाषा जवळजवळ गेली. 1983 पासून बालवाड्यांमधून तिला परत आणणारे लोक हीच जुनी पानं वाचतात.

आणि आपलं अळू! आकाशपिता वाकेआ याचं एक मूल जन्मतःच मेलं. ते पुरलं, तिथे अळू उगवलं. नंतरचं मूल जगलं, त्याचं नाव हालोआ, माणसांचा पूर्वज. म्हणजे अळू हा थोरला भाऊ. त्याच्या कंदाच्या लगद्याचं, पोईचं, भांडं उघडं असताना घरात भांडायचं नाही, असा रिवाज आहे. हवाई विद्यापीठाने अळूच्या तीन वाणांवर पेटंट घेतलं, तेव्हा आमच्या थोरल्या भावावर मालकी कोणाची, म्हणून हवाईयन शेतकरी आणि विद्यार्थी उभे राहिले. 2006 मध्ये विद्यापीठाने ती पेटंटं सोडून दिली. "मानतात का?" याला माझ्याकडे यापेक्षा थेट उत्तर नाही.

पुणेकरांना मात्र मी त्याच बेटावरच्या माउना केआ या डोंगराचीही गोष्ट सांगते. तिथे पोलिआहू राहते, बर्फाची देवी. घसरगाडीच्या शर्यतीत हरलेल्या पेलेने तिच्यावर लाव्हा सोडला, पोलिआहूने बर्फ टाकून तो गोठवला, आणि बेटाचा उत्तर भाग तिच्याकडे राहिला. याच शिखरावर तीस मीटर व्यासाची दुर्बीण उभारायचा प्रकल्प आहे. त्यात भारत भागीदार आहे, आणि पुण्याची आयुका ही खगोलशास्त्र संस्थाही. जुलै 2019 मध्ये बांधकाम सुरू होणार म्हटल्यावर हजारो लोक रस्त्यावर बसले, सर्वांत पुढे वडीलधारी माणसं. पोलिसांनी त्यांना उचलून नेलं. मागे मंत्र आणि हुला हे पारंपरिक नृत्य चालूच राहिले. खगोलशास्त्राबद्दल मला प्रेम आहे, पण त्या म्हाताऱ्यांची बाजू मला जास्त पटते, आणि ते मी पुण्यातही बोलते. 2022 मध्ये हवाई राज्याच्या सरकारने डोंगराच्या कारभारासाठी नवं प्राधिकरण नेमलं आणि त्यात हवाईयन लोकांना जागा दिली. दुर्बीण अजून उभी राहिलेली नाही.